मोलोकाईचे कुष्ठसेवक फादर दामियन

सेवेचे दोन प्रकार जगात दिसून येतात. पहिल्या प्रकारात सेवा करणारा निराळा आणि सेवा घेणारा निराळा, हा भेद शेवटपर्यंत कायम असतो. देणाऱ्याच्या अंतःकरणात दया असते. पण त्या दयेच्या जोडीला, आपण स्वतः या दुःखाच्या बाहेर सुरक्षित उभे आहोत, ही जाणीवही असते. अशी सेवाही आदरणीयच होय. तिच्यावाचून जगाचा व्यवहार चालणार नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र हा भेद गळून पडतो. दुःखितांना उद्देशून तुम्ही असे म्हणणारा मनुष्य आम्ही असे म्हणू लागतो. आणि ते केवळ जिभेने नव्हे, तर आपल्या देहाने व आयुष्याने म्हणतो. असे पुरुष विरळा. प्रशांत महासागरातील मोलोकाई बेटावर सोळा वर्षे कुष्ठरोग्यांची सेवा करून अखेर त्याच रोगाने देह ठेवणारे फादर दामियन हे त्यांपैकी एक होत. त्यांचा देश, धर्म आणि उपासनेची रीत ही आपल्याहून भिन्न होती. परंतु सर्वांच्या ठायी समदृष्टी ठेवून फळाची आशा न धरता कर्म करणे म्हणजे काय, हे ज्याला आचरणात उतरलेले पाहावयाचे असेल, त्याने या चरित्राचे अवश्य मनन करावे.

दामियन यांचे मूळ नाव योझेफ दे व्हूस्टर. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियम देशात, लूव्हेन नगराजवळच्या त्रेमेलो या खेड्यात झाला. घराणे शेतकऱ्यांचे होते. वडील धान्याचा व्यापारही करीत. योझेफने व्यापारात पडावे अशी वडिलांची इच्छा होती. परंतु थोरले बंधू धर्मसंघात जाऊन पांफिल हे नाव धारण करून राहिले होते आणि धाकट्याचेही मन तिकडेच ओढ घेत होते. १८५९ साली तो लूव्हेन येथील त्याच संघात दाखल झाला. शिक्षण बेताचे, लॅटिन भाषेचा गंध नाही. म्हणून धर्मगुरू होण्यास हा योग्य नाही, असे वरिष्ठांनी प्रथम ठरविले आणि त्याला साध्या सेवकबंधूच्या वर्गात घातले. योझेफने कुरकुर केली नाही. मिळेल त्या वेळात तो भावाकडून लॅटिन शिकत राहिला, आणि त्याची प्रगती पाहून वरिष्ठांनीच आपला निर्णय बदलला. संघात त्याने दामियन हे नाव घेतले. हे नाव प्राचीन काळच्या एका वैद्य संताचे आहे, ही गोष्ट पुढील आयुष्याकडे पाहता लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ऑक्टोबर १८६० मध्ये पॅरिस येथे त्यांनी अंतिम व्रत घेतले. त्या संघाची अशी रीत होती की, व्रत घेणाऱ्याला जमिनीवर पालथे निजवून त्याच्या अंगावर प्रेतावर घालतात तसे काळे वस्त्र पसरावयाचे. संसारास तो मेला, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे संन्यास घेणारा पुरुष स्वतःचे श्राद्ध स्वतःच करतो, त्याचे येथे सहजच स्मरण होते. अनेकांच्या बाबतीत असा विधी विधीच राहतो. दामियन यांना मात्र त्या काळ्या वस्त्राचा विसर कधी पडला नाही. मोलोकाईला जाण्याच्या वेळी त्यांना त्याचीच आठवण झाली होती.

१८६३ साली संघाने काही मिशनरी हवाई बेटांकडे पाठविण्याचे ठरविले. त्यांत पांफिल यांचे नाव होते. परंतु लूव्हेनमध्ये टायफस ज्वराची साथ चालू होती. रोग्यांची शुश्रूषा करताना पांफिल स्वतःच अंथरुणास खिळले. तेव्हा दामियन यांनी स्थानिक वरिष्ठांना न विचारता थेट पॅरिसच्या प्रमुखांना पत्र लिहिले आणि भावाच्या जागी आपणास पाठवावे, अशी विनंती केली. ती मान्य झाली. एका साथीने थोरल्या भावाची वाट अडविली आणि धाकट्याची उघडली. जवळजवळ पाच महिन्यांचा समुद्रप्रवास करून ते १९ मार्च १८६४ रोजी होनोलुलू बंदरात उतरले आणि २१ मे रोजी तेथेच त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली.

पुढची नऊ वर्षे त्यांनी हवाई या मोठ्या बेटावर, प्रथम पुना व नंतर कोहाला या भागांत काढली. ज्वालामुखीच्या राखेचा तो प्रदेश, दूरदूर पसरलेल्या वस्त्या, मधून खोल दऱ्या. दामियन कधी घोड्यावर, कधी पायी हिंडत. तेथील लोकांची भाषा शिकत. आणि जेथे प्रार्थनेला जागा नसेल तेथे स्वतः लाकडे वाहून, करवत हाती धरून लहानसे चर्च उभारीत. लोकांना दामियन हे नाव उच्चारता येत नसे. ते त्यांना कामियानो म्हणत. या नऊ वर्षांत त्यांनी मिळविलेली खरी विद्या म्हणजे सुतारकाम आणि लोकांच्या झोपडीत त्यांच्यासारखे बसून जेवण्याची सवय. या दोन्ही विद्या पुढे उपयोगी पडावयाच्या होत्या.

हवाई बेटे त्या काळी स्वतंत्र राज्य होती. १७७८ साली युरोपीय जहाजे तेथे प्रथम आली आणि जहाजांबरोबर त्या लोकांना पूर्वी ठाऊक नसलेले रोगही आले. देवी, गोवर, श्लेष्मज्वर यांच्या साथी एकामागून एक येऊन गेल्या. लाखांनी मोजली जाणारी तेथील वस्ती १८७२ च्या गणतीत सुमारे ५७,००० वर आली होती. त्यातच कुष्ठरोग पसरू लागला. सरकार घाबरले. १८६५ साली राजा पाचवा कामेहामेहा याच्या कारकिर्दीत कायदा झाला की, कुष्ठरोगी आढळेल त्याला पकडून दूर एकांतात ठेवावे. ६ जानेवारी १८६६ रोजी पहिल्या बारा रोग्यांना मोलोकाई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील कालावाओ येथे नेऊन सोडण्यात आले. ही जागा म्हणजे निसर्गानेच बांधलेला तुरुंग होय. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला सुमारे २,००० फूट उंचीचा सरळ कडा. नवऱ्यापासून बायको, आईपासून मूल तोडून येथे आणीत. म्हणून बेटावरील लोकांनी या व्याधीला ताटातूट करणारा रोग असे नाव दिले होते. रोगाचे भय त्यांना फारसे नव्हते; ताटातुटीचे होते. कित्येक निरोगी नातलग आपल्या माणसाबरोबर स्वखुशीने त्या किनाऱ्यावर जाऊन राहत. तेथील भाषेत त्यांना कोकुआ, म्हणजे साहाय्यक, म्हणत. दामियन यांच्या आधीही तेथे प्रेमाने आलेली माणसे होती, हे विसरता कामा नये. फरक एवढाच की, ती आपल्या नात्याच्या माणसासाठी आली होती.

सरकारची कल्पना अशी होती की, हे लोक शेती करून आपले पोट भरतील. पण ज्यांची बोटे झडली, डोळे गेले, त्यांनी नांगर कसा धरावा? काही वर्षांतच कालावाओची दशा दारुण झाली. रोग्यांना पाला-गवताच्या दमट खोपटांत राहावे लागे. पाणी दूर असे. वैद्य कायमचा नव्हता. ज्याचा अंत जवळ आला त्याला एका रिकाम्या खोपटात नेऊन टाकीत. जगाने टाकलेल्यांना जगाचा कायदा कसला, अशी वृत्ती होऊन दारू, जुगार आणि दुबळ्यांची लूट यांना ऊत आला होता.

मे १८७३ मध्ये माउई बेटावर वायलुकू येथे एका नव्या चर्चच्या निमित्ताने बिशप माइग्रे व त्यांचे मिशनरी जमले होते. मोलोकाईचे रोगी धर्मगुरू मागत आहेत, हा विषय तेथे निघाला. कोणालाही तेथे कायमचे पाठविणे म्हणजे मृत्यूकडे पाठविणे, म्हणून बिशपांना आज्ञा करवेना. चार तरुण मिशनरी पुढे आले. त्यांनी पाळीपाळीने काही काळ जावे असे ठरले. पहिली पाळी दामियन यांची. आपल्या कोहालाच्या लोकांचा निरोप घ्यावयासही ते परत गेले नाहीत. १० मे १८७३ रोजी रोगी व गुरे घेऊन जाणाऱ्या बोटीतून ते मोलोकाईच्या किनाऱ्यावर उतरले. त्या वेळी ते ३३ वर्षांचे होते. थोड्याच दिवसांत त्यांनी वरिष्ठांना कळविले की, आपणास येथेच राहू द्यावे. पाळी पुढे कोणाकडे गेलीच नाही.

त्याच वर्षी, १८७३ मध्ये, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला नॉर्वे देशात हान्सेन नावाच्या वैद्याने या रोगाचे जंतू सूक्ष्मदर्शकातून ओळखले. परंतु औषध हाती येण्यास अजून सुमारे सत्तर वर्षे लागावयाची होती. दामियन यांच्यापाशी औषध नव्हतेच. त्यांच्यापाशी दोन हात होते.

कालावाओत सेंट फिलोमिना नावाचे एक छोटे चर्च आधीच्या वर्षी बांधलेले होते. पण धर्मगुरूला राहण्यास घर नव्हते. चर्चशेजारी केवड्याच्या जातीचे एक झाड होते. पहिले काही आठवडे दामियन त्या झाडाखालीच निजले. आपल्यासाठी घर बांधण्याआधी त्यांनी आजूबाजूची स्थिती पाहिली आणि कामाची यादी मनात तयार केली.

पहिली अडचण त्यांच्या स्वतःच्या शरीराची होती. रोग्यांच्या जखमांना येणारी दुर्गंधी त्यांना सहन होत नसे. झोपडीत शिरून मरणोन्मुख रोग्यापाशी बसले असता कित्येकदा प्राण कासावीस होऊन त्यांना बाहेर मोकळ्या हवेत धाव घ्यावी लागे, आणि मग पुन्हा आत जावे लागे. त्या वासावर उतारा म्हणून ते तंबाखूची चिलीम ओढू लागले. आपल्या इंद्रियांनी प्रथम बंड केले, ही गोष्ट त्यांनी पुढे १८८६ साली सरकारला दिलेल्या वृत्तान्तात सरळपणे नमूद केली आहे. संतांना किळस येतच नाही, असे मानणे हा भोळेपणा आहे. किळस येते, आणि ती आल्यावरही ते पुन्हा आत जातात, यातच त्यांचे संतपण असते.

दुसरी अडचण वरिष्ठांच्या आज्ञेची होती. रोग्यांना स्पर्श करू नये, त्यांच्या घरी निजू नये, त्यांच्याबरोबर जेवू नये, असे त्यांना बजावून सांगितले होते. त्या काळचे ज्ञान लक्षात घेता ही आज्ञा प्रेमापोटीच होती आणि शहाणपणाचीही होती. परंतु हवाई लोकांचा स्वभाव दामियन पुरता ओळखून होते. अळूच्या जातीच्या कंदाचा जो लगदा, पोई, तो त्या लोकांचे मुख्य अन्न. घरातील सर्वांनी एकाच भांड्यात बोटे घालून तो खावा, अशी तेथील रीत. पाहुण्याने त्या भांड्यात हात घातला नाही तर घरच्या माणसांचा अपमान होई. जो आपल्या स्पर्शाला भितो त्याच्या मुखातून देवाच्या प्रेमाच्या गोष्टी रोग्यांनी कशा ऐकाव्या? दामियन यांनी मनाशी निर्णय केला. ते त्या भांड्यात हात घालू लागले, आपली चिलीम रोग्यांना देऊ लागले, उघड्या जखमा उघड्या हातांनी धुऊ लागले.

आणि येथेच तो लहानसा शब्द आला. उपदेशाच्या वेळी दामियन समोरच्या समुदायाला तुम्ही कुष्ठरोगी असे म्हणत नसत. आम्ही कुष्ठरोगी असे म्हणत. लोकांत अशी कथा रूढ आहे की, स्वतःला रोग झाल्याचे कळले त्या दिवशी त्यांनी हा शब्द प्रथम उच्चारला. कथा हृदयस्पर्शी आहे, परंतु सत्य त्याहून मोठे आहे. मोलोकाईला येऊन पहिले वर्षही पुरे झाले नव्हते, शरीर पूर्ण निरोगी होते, तेव्हाच त्यांनी भाऊ पांफिल यांना लिहिलेल्या पत्रात आपण असे बोलत असल्याचे कळविले होते. म्हणजे रोग झाला म्हणून ते आम्ही म्हणाले, असे नव्हे. त्यांनी आधी आम्ही म्हटले. शरीराला तो शब्द खरा करावयास पुढे अकरा वर्षे लागली.

त्यांचा दिनक्रम पाहण्यासारखा आहे. पहाटे उठून ध्यान व प्रार्थना, मग चर्चमधील उपासना. रोगामुळे पुष्कळांना वारंवार थुंकावे लागे आणि त्या संकोचाने ते उपासनेला येत नसत. म्हणून दामियन यांनी चर्चच्या लाकडी जमिनीला भोके पाडून दिली. सकाळी शाळा व मुलांची विचारपूस. नंतर हातात पट्ट्या व मलम घेऊन घरोघर फेरी. वस्ती सहाशेहून अधिक रोग्यांची असल्याने सर्व घरे पुरी व्हावयास आठवडा लागे, आणि फेरी पुरी होताच ती पुन्हा पहिल्या घरापासून सुरू होई. विल्यमसन नावाचा एक रोगी पूर्वी होनोलुलूच्या रुग्णालयात मदतनीस होता. त्याच्यापासून ते जखमा बांधावयास शिकले. कोणाला अन्न मिळाले नाही, कोणाचे पांघरूण चोरीस गेले, कोण आज रात्र काढणार नाही, हे सर्व त्यांना ठाऊक असे.

दुपारनंतर कॅसक खोचून ते सुताराचे काम हाती घेत. करवत, रंधा आणि हातोडा यांचा आवाज कालावाओत नित्याचा झाला. पूर्वी कित्येक रोग्यांना पेटीवाचून उथळ खड्ड्यात पुरीत, आणि डुकरे व कुत्री प्रेतांची विटंबना करीत. दामियन यांनी आपल्या घराशेजारीच स्मशानभूमी आखून तिला कुंपण घातले. कित्येक दिवशी पेटी तेच करीत, खड्डा तेच खणीत आणि अंत्यविधीही तेच करीत. अशा शेकडो पेट्या त्यांनी केल्या. जिवंतपणी ज्याला कोणी माणूस म्हणून वागविले नाही, त्याला निदान माणसासारखे मरू द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. रोग्यांनी अंत्ययात्रेसाठी मंडळ्या काढल्या; त्यांत ढोल व वाद्ये असत. मरण रोजचेच होते. त्याची विटंबना थांबली.

पाण्यासाठी त्यांनी सरकारकडे सारखी मागणी करून लोखंडी नळ मिळविले आणि अंगात बळ असलेल्या रोग्यांना बरोबर घेऊन ते नळ वस्तीपर्यंत आणले. पुढे जवळच्या खोऱ्यात बारमाही खोल कुंड त्यांनी शोधून काढले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेकडून आलेल्या वादळाने गवती खोपटी उडून गेली. तेव्हा लाकूड मागवून त्यांनी जमिनीपासून उचललेली, चुना दिलेली घरे उभारली. ज्यांचे हात शाबूत होते ते रोगी त्यांचे गवंडी व सुतार झाले. अनाथ मुला-मुलींसाठी त्यांनी आपल्या घराजवळ वसतिगृहे काढली. फुलझाडे लावली. मुलांचा वाद्यवृंद बसविला. ज्याच्या हाताला काही बोटे उरली होती, त्याने दुसऱ्या तशाच मुलाच्या शेजारी बसून दोघांनी मिळून ऑर्गन वाजवावा, असे चाले. ओसाड किनारा हळूहळू गाव होत गेला. १८८१ साली राज्यकारभार पाहणारी राजकन्या लिलिउओकालानी तेथे आली. समोरचा समुदाय पाहून तिला बोलता येईना, अश्रू वाहू लागले. परत गेल्यावर तिने दामियन यांना राजसन्मानाचे पदक पाठविले. ते पदक क्वचितच त्यांच्या अंगावर दिसे.

या सेवेत सर्वांत कठीण दुःख कोणते होते? ते श्रमांचे नव्हते, दुर्गंधीचेही नव्हते. ते एकटेपणाचे होते. त्यांच्या पंथात दुसऱ्या धर्मगुरूपाशी आपल्या दोषांचे निवेदन करणे हे आवश्यक साधन मानतात. पहिल्याच वर्षी सरकारने त्यांना वस्ती सोडून जाण्यास बंदी केली. एकदा त्यांचे प्रांतीय वरिष्ठ बोटीने आले असता कप्तानाने त्यांना उतरू दिले नाही. दामियन लहान होडीतून बोटीपाशी गेले. त्यांनाही वर चढू दिले नाही. तेव्हा खाली होडीत उभे राहून त्यांनी बोटीवरच्या वरिष्ठांना उद्देशून फ्रेंच भाषेत मोठ्याने आपले दोष सांगितले. एकांतात कानात सांगावयाची गोष्ट समुद्रावर ओरडून सांगताना त्यांना लाज वाटली नाही. पुढे ही बंदी सैल झाली, तरी वर्षांमागून वर्षे ते बहुधा एकटेच राहिले. जे एक-दोन सहकारी धर्मगुरू मधून आले त्यांच्याशी त्यांचे पटले नाही.

येथे त्यांच्या दोषांचाही उल्लेख केला पाहिजे. दामियन तापट आणि हट्टी होते. दारूच्या अड्ड्यांवर ते हातात काठी घेऊन जात. सरकारी अधिकाऱ्यांकडे त्यांच्या मागण्या इतक्या वारंवार व इतक्या कडक भाषेत जात, की ते अधिकारी त्रासून जात. स्वच्छतेच्या नियमांविषयी ते बेफिकीर होते. इंग्लंडमधील लोकांनी त्यांची कीर्ती ऐकून पैसे पाठविण्यास सुरुवात केली, तेव्हा हे सर्व प्रसिद्धीसाठी चालले आहे, असा संशय त्यांच्याच वरिष्ठांना आला. परक्यांच्या निंदेपेक्षा आपल्या माणसांचा हा संशय त्यांना अधिक लागला. परंतु काम एक दिवसही थांबले नाही.

१८८४ च्या अखेरीस एके दिवशी पाय धुताना उकळते पाणी त्यांच्या पायावर पडले. कातडी भाजून फोड आले, पण वेदना झाली नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवाने त्यांना त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. वैद्यांनी परीक्षा करून रोगाचे निदान पक्के केले. १८८६ साली होनोलुलूत जाऊन त्यांनी गोतो नावाच्या जपानी वैद्याच्या स्नानपद्धतीचा उपचार घेतला, पण थोड्याच दिवसांत ते पुन्हा मोलोकाईला परतले. डिसेंबर १८८८ मध्ये एडवर्ड क्लिफर्ड नावाचा इंग्रज चित्रकार त्यांना भेटावयास आला. तो पूर्वी हिंदुस्थानात हिंडलेला होता. अंदमानाकडील अरण्यांतल्या गर्जन वृक्षाचे तेल कुष्ठावर गुणकारी समजत, ते त्याने बरोबर आणले होते. दामियन यांनी ते लावून पाहिले. थोडे बरे वाटले, पण रोग फार पुढे गेला होता. चेहरा विद्रूप झाला, आवाज बसला, हात सुजले. त्याच हातांनी ते चर्चचा विस्तार करीत होते, छतावर चढत होते.

याच अखेरच्या काळात, जणू त्यांची एकटेपणाची तपश्चर्या फळाला यावी त्याप्रमाणे, साहाय्यक येऊ लागले. जुलै १८८६ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिक असलेले जोसेफ डटन आले. ते पुढे चाळीसहून अधिक वर्षे तेथे राहिले. १८८८ साली फादर कॉनरार्डी आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मदर मॅरिअन कोप दोन भगिनींसह आल्या आणि त्यांनी मुलींचा सांभाळ हाती घेतला. आपल्या मागे या लेकरांचे काय होईल, ही एकच चिंता दामियन यांना उरली होती; तीही गेली. मार्च १८८९ च्या अखेरीस ते अंथरुणास खिळले. १५ एप्रिल १८८९ रोजी, त्यांच्या पंथातील पवित्र सप्ताहाच्या सोमवारी, वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांनी शांतपणे देह ठेवला. ज्या झाडाखाली त्यांनी मोलोकाईतील पहिल्या रात्री काढल्या, त्याच झाडाखाली रोग्यांनी त्यांना पुरले.

मृत्यूनंतरही निंदेने त्यांचा पाठलाग सोडला नाही. होनोलुलूतील दुसऱ्या पंथाचे एक धर्मोपदेशक डॉ. हाइड यांनी एका खाजगी पत्रात दामियन यांना घाणेरडा व हट्टी ठरवून, हा रोग त्यांना अनीतीमुळे जडला, असे सूचित केले. ते पत्र छापून प्रसिद्ध झाले. प्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे दामियन यांच्या मृत्यूनंतर थोड्याच आठवड्यांनी मोलोकाईला जाऊन राहिले होते. ते स्वतः दामियन यांच्या पंथाचे नव्हते. त्यांनी १८९० साली प्रकट पत्र लिहून हाइड यांना उत्तर दिले. त्या उत्तराचे मर्म असे की, दामियन यांच्या स्वभावातील उणिवा त्यांनी नाकारल्या नाहीत; परंतु इतरजण सुखवस्तू घरांत बसले असताना जो मनुष्य त्या किनाऱ्यावर गेला, त्याच्या उणिवा मोजण्याचा अधिकार घरी बसणाऱ्यांना नाही, हे त्यांनी निर्भीडपणे दाखवून दिले.

दामियन यांच्या मृत्यूचा परिणाम दूरवर झाला. १८८९ सालीच लंडनमध्ये कुष्ठनिवारणासाठी राष्ट्रीय निधी स्थापन झाला आणि त्या निधीने नेमलेले मंडळ १८९०-९१ मध्ये हिंदुस्थानात येऊन पाहणी करून गेले. हा रोग स्पर्शाने सहज पसरत नाही, असे त्या मंडळाचे मत पडले. तरीही १८९८ साली येथे कुष्ठरोग्यांना कोंडण्याची तरतूद असलेला कायदा झालाच. भारताच्या संसदेने तो २०१६ साली रद्द केला. १९४० नंतर सल्फोन औषधे आली आणि कुष्ठरोग बरा होऊ लागला. हवाईतील सक्तीचा एकांतवास १९६९ साली संपला. तोपर्यंत सुमारे ८,००० माणसे त्या किनाऱ्यावर पाठविली गेली होती. दामियन यांचा देह १९३६ साली बेल्जियमला नेऊन लूव्हेन येथे ठेवण्यात आला. मोलोकाईच्या लोकांना हे फार लागले. १९९५ साली त्यांच्या उजव्या हाताचे अवशेष परत आणून कालावाओच्या जुन्या समाधीत ठेवण्यात आले. जखमा धुणारा, रंधा चालविणारा हात आपल्या माणसांत परत आला. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

या चरित्रातून साधकाने काय घ्यावे? रोगाविषयी बेफिकीर राहावे, असा त्याचा अर्थ नव्हे. आज कुष्ठाचे निदान लवकर झाले तर औषधांनी तो पूर्ण बरा होतो. उपचार सुरू झालेल्या रोग्यापासून भय राहत नाही. आणि बहुसंख्य माणसांच्या शरीरात त्याला थोपविण्याची शक्ती मुळातच असते. म्हणून दामियन यांनी जे प्राणांचे मोल दिले ते आज कोणी देण्याची आवश्यकता नाही. परंतु औषधाने जंतू मरतात, मनातील अंतर मरत नाही. कुष्ठरोग हे विवाह मोडण्यास पुरेसे कारण आहे, असे मानणारी तरतूद आपल्या कायद्यांतून २०१९ साली काढली गेली. तोपर्यंत ताटातूट करणारा रोग हे नाव आपल्या देशातही खरेच होते. कायदा बदलला तरी बरा होऊन घरी परतलेल्या माणसाला पंक्तीत जागा देण्याचे काम कायदा करू शकत नाही. ते ज्याचे त्यानेच करावयाचे असते.

सर्वांच्या ठायी एकच आत्मतत्त्व आहे, हे आपण रोज ऐकतो, वाचतो आणि मान डोलावतो. दामियन यांनी तत्त्वज्ञानाचा ग्रंथ लिहिला नाही. त्यांनी एका भांड्यात हात घातला, एक नळ आणला, शेकडो पेट्या केल्या, आणि बोलताना एक सर्वनाम बदलले. आपल्या गावात, आपल्या घरात ज्याला आपण तुम्ही किंवा ते म्हणून दूर ठेवले आहे, असा कोणी रोगी, कोणी म्हातारा, कोणी टाकलेला मनुष्य प्रत्येकाच्या दृष्टीसमोर असेलच. त्याच्याशी बोलताना आम्ही हा शब्द आपल्या मुखातून निघतो की नाही, एवढे जरी आपण आज पाहिले, तरी या चरित्राचे वाचन सार्थकी लागेल.